काखेतली सुरकुती

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी धाकट्या मास्तरांनी आपल्या वडिलांना चांगलं म्हटलं, आणि तिथून सगळं उसवत गेलं.

ऑपरेशन तसं किरकोळ होतं. हर्निया. थोरल्या मास्तरांनी जन्मभर लोखंडी इस्त्री उचलली होती आणि आता, ऐंशी ओलांडल्यावर, पोटाच्या आतली एक शिवण सुटली होती. 'शिवण सुटली' हे निदान थोरल्यांचं स्वतःचं. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "धागा कुठला वापरता?" आणि उत्तर ऐकून असं तोंड केलं होतं, की डॉक्टरांनी उगाचच स्वतःच्या कोटाची बटणं चाचपून पाहिली होती.

बापलेकांचं शिंप्याचं दुकान होतं. वर घर, खाली दुकान. थोरले मास्तर कापत, धाकटे मास्तर शिवत; कोटाची बाही तेवढी थोरले स्वतः बसवत. धाकटे म्हणजे पन्नाशी उलटलेले, केस पिकलेले. पण थोरले असेपर्यंत त्यांना धाकटेच राहावं लागणार होतं. दिवस मावळताना थोरले त्यांच्या हातून शिवलेला कपडा घेत, उलटा करत, शिवणीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "उसव." तीस वर्षांत हा शब्द ऐकला नाही असे दिवस थोडे. अशा दिवशी थोरले काहीच न बोलता कपडा खुंटीला लावत, आणि धाकटे जिना चढताना शीळ घालत. शाबासकीचा एवढाच प्रकार त्या घरात चाले.

म्हणजे चांगले शब्द थोरल्यांना येत नव्हते असं नाही. येत होते, पण ते त्यांनी मरणाऱ्यांसाठी राखून ठेवले होते. दुकानात काजं करायला त्यांचा भाऊ होता. "ही काजं आहेत की उंदरांनी कुरतडलंय?" हे त्या काकाने हयातभर ऐकलं. शेवटच्या दिवशी थोरले त्याच्या उशाशी बसले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुझ्यासारखी काजं कुणालाच जमली नाहीत रे." काकाने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि संध्याकाळच्या आत आटोपलं. धाकट्यांच्या आईची पाळी आली तेव्हा थोरले घसा खाकरून म्हणाले, "स्वयंपाक चांगला असायचा हो तुझा." आई म्हणाली, "म्हणजे झालंच का माझं?" झालंच होतं.

धाकट्यांची बायको मात्र अशा घरातून आलेली, की तिथे कुणी नुसता चहा केला तरी चार माणसं 'वा, वा' करत. तिला या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि अजून तिला थंडी वाजत होती.

"अहो, उद्या ऑपरेशन आहे त्यांचं," हॉस्पिटलच्या जिन्यात ती म्हणाली. "एक चांगला शब्द बोला की. जीभ झडणार आहे का?"

"काय बोलू?"

"खरं वाटतं ते बोला."

धाकटे मास्तर वॉर्डात गेले. थोरले पलंगावर मांडी घालून बसले होते आणि हिरव्या पडद्याची दुमड बोटांत धरून तिच्याकडे तुच्छतेने बघत होते.

"बाबा," धाकटे म्हणाले, "तुमच्यासारखी बाही बसवणारा हात अख्ख्या शहरात नाही."

थोरल्यांच्या हातून पडदा सुटला.

"काय म्हणालास?"

"नाही, सहज."

"डॉक्टरने मघाशी तुला बाहेर बोलावलं होतं."

"ते... आपली गाडी गेटसमोर लावली होती. ती काढायला सांगितलं."

"गेटसमोर," थोरले म्हणाले. "बरं."

हे 'बरं' त्यांनी कधी नव्हे इतक्या मऊपणे म्हटलं. तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. आनंदी माणूस. रिपोर्ट चाळून त्यांनी थोरल्यांच्या खांद्यावर थाप मारली. "काय हृदय आहे हो आजोबा! या वयात इतकं सुंदर हृदय मी पाहिलं नाही!"

थोरल्यांनी आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. दोघेही हसत होते. कटात कोण कोण आहे ते त्यांना कळून चुकलं.

"चप्पल दे," ते म्हणाले.

"बाबा, उद्या ऑपरेशन—"

"मरायचंच तर घरी मरेन. इथल्या पडद्यांकडे बघत नाही मरणार. चप्पल दे."

डॉक्टरांचा आनंद तेवढ्यापुरता ओसरला. त्यांनी धाकट्यांना बाजूला घेतलं, म्हणजे थोरल्यांच्या संशयावर शिक्काच मारला, आणि सांगितलं, "समजूत काढून परत आणा. आतडं तिथे अडकलं, की मग समजूत काढायला कुणी उरत नाही."

घरी येताच थोरल्यांनी माळ्यावरून काळं कापड काढायला लावलं. उंची लोकरीचं कापड होतं. एका गिऱ्हाइकाने कोटासाठी दिलं होतं आणि तो माणूस ट्रायलच्या आधीच वारला होता. "त्याच्या नशिबात नव्हतं," थोरले म्हणाले. "माझ्या आहे. शेवटचा कोट आहे, तयार कपड्यांच्या दुकानातला घालून मी जाणार नाही. माप घे माझं."

धाकट्यांनी बापाचं माप घेतलं. छाती आक्रसली होती, एक खांदा उतरला होता. टेप अंगाभोवती फिरवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण या माणसाला प्रथमच मिठी मारतोय, आणि तीही आकडा वाचण्यासाठी.

थोरल्यांनी थरथरत्या हाताने कापलं, धाकट्यांनी शिवायला घेतलं. संध्याकाळी पहिली बाही जोडून त्यांनी ती सवयीने वडिलांपुढे धरली आणि सवयीनेच उसवायची छोटी कात्री हातात घेतली. थोरल्यांनी अंगठा फिरवला.

"छान आहे," ते म्हणाले.

धाकट्यांच्या हातातली कात्री खाली पडली. ते धावत जिना चढून स्वयंपाकघरात गेले. "अगं, बाबा मला छान म्हणाले!"

"अरे वा!"

"वा काय? ते चालले!"

बायकोने हातातला झारा खाली ठेवला. "तुम्हाला वाटतंय ते मरताहेत, कारण ते चांगलं बोलले. त्यांना वाटतंय ते मरताहेत, कारण तुम्ही चांगलं बोललात. या घरात आजार कुणाला झालाय ते एकदा मला सांगा."

"मग आता काय करायचं?"

"आत्यांना बोलावते. त्या त्यांचं ऐकून घेत नाहीत, आपलं ऐकवतात."

आत्या म्हणजे थोरल्यांची धाकटी बहीण. भावाशी तिचं सात जन्मांचं भांडण असावं अशा सुरात ती नेहमी बोले, त्यामुळे तिच्याकडून मोठी आशा होती. ती आली, दारात चपला काढल्या, खाटेवर सुकून बसलेल्या भावाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"दादा, तुझ्यासारखा भाऊ कुणाला मिळाला नसेल रे!"

थोरल्यांनी मान डोलावली. जणू एखाद्या कागदावर आणखी एक सही झाली. "तूही बहीण म्हणून चांगलीच होतीस," ते म्हणाले, आणि आता आत्याही घाबरली. भिंतीला टेकून बसत तिने सुनेला हळूच विचारलं, "माझी शुगर वाढलीय असं तुला कुणी काही बोललं का गं?"

बातमी गल्लीत गेली. थोरल्या मास्तरांनी ज्यांना ज्यांना जन्मभर नावं ठेवली होती ती सगळी माणसं चांगले शब्द घेऊन यायला लागली. इस्त्रीवाला म्हणाला, तुमच्या कपड्याला इस्त्री करताना हात आपोआप हळू व्हायचा. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, तुमचा कोट घातला की मी खरं बोलतोय असं लोकांना वाटायचं. थोरले प्रत्येकाचं ऐकत, मान डोलावत आणि एकेक घास कमी जेवत. तिसऱ्या पाहुण्यानंतर त्यांनी भाजी सोडली. पाचव्यानंतर ताटच परत पाठवलं.

सगळ्यात शेवटी समोरचा आला.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा टेलर. त्याच्या काचेत दिवे होते, पुतळे होते, आणि थोरले त्याला 'गोणपाटवाला' म्हणत. तोंडावर म्हणत. दोघांनी एकमेकांच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. तो आला आणि स्टुलाच्या अगदी कडेवर बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "आज सांगून टाकतो. मी तुमचे जुने कोट माणसांकडून विकत घ्यायचो. घरी नेऊन उसवायचो. आत काय केलंय ते बघायला."

"कळलं का?" थोरल्यांनी विचारलं.

"बाहीचं नाही कळलं. बाही कशी बसवता ते अजूनही नाही कळलं. तुमच्यासारखा कारागीर पुन्हा होणे नाही."

कुठल्याही शिंप्याने हे ऐकून आणखी वीस वर्षं जगायला हवं होतं. थोरले मास्तर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "आता नक्की," ते भिंतीला म्हणाले.

दुपारपासून त्यांचं पोट दुखायला लागलं. जांघेतली हर्नियाची गाठ दगडासारखी झाली आणि चेहरा कोटाच्या अस्तरासारखा राखाडी. धाकट्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता आणा," डॉक्टर ओरडले. आता त्यांचा आवाज अजिबात आनंदी नव्हता.

"बाबा, उठा. गाडी काढलीय."

"कॉलर राहिलीय," थोरले म्हणाले. "कॉलर मी स्वतः लावणार. मग कुठे न्यायचं तिथे न्या." ते भिंतीला धरून उठले, कोट मांडीवर घेतला, सुई मागितली. कळ आली की थांबत, ओठ आवळत, पुन्हा टाका घालत. आत्या मुसमुसत होती. समोरचा स्टुलावर तसाच बसून होता. बाहीचं रहस्य निदान या शेवटच्या कोटात दिसेल अशी त्याला आशा असावी.

बायकोने धाकट्यांना दाराआड ओढलं. "बोला काहीतरी."

"काय बोलू? मागे तुझं ऐकून बोललो तर—"

"वाईट बोला! शिव्या द्या! तुम्ही चांगलं बोललात म्हणून ते मरायला बसलेत, वाईट बोला म्हणजे उठतील."

"वडिलांना?"

"मग काय इस्त्रीवाल्याला?"

धाकटे मास्तर आत गेले. वडिलांसमोर उभे राहिले, मुठी वळल्या, डोळे मिटले. तीस वर्षांत जे जे मनात येऊन गिळलं होतं ते सगळं गोळा केलं. "बाबा," ते म्हणाले, "तुम्ही... तुम्ही जरा हट्टी आहात."

थोरल्यांनी वर पाहिलं आणि ते हसले. "हो रे बाळा," ते म्हणाले.

बाळा! आत्याने हंबरडा फोडला. दाराआड बायकोने कपाळावर हात मारला.

थोरल्यांनी शेवटची गाठ मारली. दोरा दाताने तोडला. कोट मुलापुढे धरला आणि जे आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कशी झालीय?"

धाकट्यांनी कोट घेतला. हात आपोआप चालले. कपडा उलटा झाला, अंगठा शिवणीवरून फिरू लागला. कॉलर वाकडी होती. थोडीथोडकी नाही, डावीकडे ती मान वर करून बघत होती आणि उजवीकडे मेल्यासारखी पडली होती. शिकाऊ पोरगाही अशी लावणार नाही. हा हात त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. वडिलांचे डोळे त्यांच्यावर लागलेले होते, त्यांत आता नुसता थकवा होता, आणि एकच शब्द ऐकायची इच्छा. 'छान.' तो शब्द धाकट्यांच्या ओठांवर आला होता. तो म्हटला की बाप सुखाने आडवा होणार आणि उठणार नाही, हेही त्यांना तितकंच स्वच्छ दिसत होतं.

अंगठा पुन्हा त्या उचललेल्या टोकाला अडखळला. आणि ज्या अंगठ्याला तीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, त्याच्या आत काहीतरी खवळलं.

"ही कॉलर आहे?" धाकटे मास्तर म्हणाले.

आत्याचं रडणं मध्येच तुटलं.

"काय म्हणालास?"

"कॉलर आहे का ही, विचारतोय. कुत्र्याचा पट्टा याहून सरळ असतो. इकडे बघा, इकडे फुगलीय. इकडे झोपलीय. आणि हे टाके? हे टाके आहेत की मुंग्यांची रांग पावसात सापडलीय? मेलेल्या माणसालासुद्धा हा कोट घालायची लाज वाटेल. हा घालून तुम्ही गेलात तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने जाता जाता गोणपाटवाल्याकडून शिवून घेतला!"

"अहो, मी इथेच—" समोरचा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" बाप आणि मुलगा एकदमच ओरडले.

धाकट्यांनी कोट वडिलांच्या मांडीवर टाकला.

"उसवा," ते म्हणाले.

थोरल्यांच्या कानांवर रंग चढायला लागला. आधी कान, मग गाल, मग कपाळ. "मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात?"

"मरणाऱ्याशी नाही बोलत."

थोरल्यांनी हे वाक्य सगळीकडून तपासून पाहिलं. त्यात कुठे सैल टाका सापडेना. या घराच्या रीतीप्रमाणे हे वाक्य पक्कं होतं.

"म्हणजे डॉक्टर तुला खरंच..."

"गाडी, बाबा. गेटसमोरची गाडी."

"मग गाढवा," थोरले मास्तर गरजले, कळ आली म्हणून वाकले, वाकूनच पुन्हा गरजले, "इतके दिवस नीट बोलायला काय झालं होतं तुला? चप्पल दे!"

ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मला तुमच्यासमोर यायला शब्द सापडले नसते. धाकटे म्हणाले, शब्द राहू द्या डॉक्टर, शब्दांचा आम्हाला फार त्रास झालाय. थोरले शुद्धीवर आले, पट्टी सुटायची वेळ आली तेव्हा आरसा मागवून त्यांनी स्वतःचं पोट पाहिलं. "कुणी शिवलंय हे?" त्यांनी विचारलं, आणि नर्सने कात्रीचा ट्रे त्यांच्या हाताला येणार नाही असा सरकवला.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते काळा कोट पूर्ण उसवायचं. मग धाकट्यांना तो नव्याने शिवायला लावला. तेव्हापासून दुकान बंद झालं, की धाकटे त्या कोटाचं काहीतरी शिवत आणि थोरले ते उसवायला लावत. कधी खिसा, कधी पाठ, कधी अस्तर. कोट काही पूर्ण होत नव्हता, आणि अपुरा कोट घालून जाणाऱ्यांपैकी थोरले नव्हते, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. बायको म्हणायची, या घरात जगण्याचीही रीत धड नाही. पण रोज संध्याकाळी खालून "उसव" ऐकू आलं, की मगच ती पोळ्यांना तवा ठेवायची.

वर्ष गेलं. थोरले उतरत चालले. कात्री जड व्हायला लागली, नजर सुईपर्यंत पोचेनाशी झाली. अंगठा तेवढा उरला होता.

एका संध्याकाळी धाकट्यांनी डावी बाही जोडून कोट त्यांच्यापुढे धरला. थोरल्यांनी अंगठा फिरवला. खांद्यावरून सुरू झाला, काखेतून फिरून पुन्हा खांद्यावर आला. कुठेच थांबला नाही. थोरल्यांनी भुवया जवळ घेतल्या आणि दुसऱ्यांदा फिरवला, या वेळी हळू. बाही अंगच्या कातडीसारखी बसली होती. शहरात अशी बाही एकच हात बसवत असे, आणि तो हात आता मांडीवर थरथरत पडला होता.

थोरल्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे ओले दिसत होते. त्यांचे ओठ उघडले.

तो शब्द येताना धाकट्यांना दिसला. तीस वर्षं त्यांनी त्याची वाट पाहिली होती.

"बाबा," ते घाईघाईने म्हणाले, "काखेत बघा. सुरकुती आहे."

"कुठे?"

"आत. अस्तराच्या जवळ."

"मला लागत नाही."

"अंगठा बोथट झालाय तुमचा. आहे."

थोरल्यांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा पुन्हा काखेत नेला आणि तिथे, जिथे पाण्यासारखं सपाट कापड होतं, तो मुद्दाम अडखळवला.

"आहे खरी," ते म्हणाले. "एवढा घोडा झालास, अजून बाही बसवता येत नाही. उसव."

"हो, बाबा," धाकटे मास्तर म्हणाले, आणि नाक वर ओढून त्यांनी कात्री घेतली. वर तवा चढल्याचा आवाज आला.